फेल्टचे त्रेचाळीस हत्ती

नागपुरात मानेवाडा रोडवर विजेच्या खांबाला कागद चिकटवला होता. ‘गृहिणींसाठी घरबसल्या काम. फेल्टची छोटी खेळणी शिवा. आम्ही शिकवू. एका नगाला 40 रुपये.’ सोबत राखाडी, गुबगुबीत हत्तीचा फोटो. मला सुईदोऱ्याची हौस फार, पण येत होतं ते बटण लावणं आणि साडीला फॉल लावणं, एवढंच.

बर्डीतल्या ऑफिसात मॅडमनी सांगितलं की फेल्ट हे कापड विणलेलं नसतं, कापलं तरी काठाचे धागे सुटत नाहीत, दुमडून शिवायची भानगड नाही, म्हणून नवशिक्यालाही जमतं. त्यांच्या सगळ्या बोलण्यात हे एक खरं निघालं. नमुन्याचा हत्ती माझ्या हातात दिला. जाडजूड, दाबला की पुन्हा फुगणारा, कडेनं एकसारखा काजटाका. मी तिथंच पाघळले.

डिपॉझिट 3,500. वीस दिवसांत पन्नास हत्ती दिले की ते परत, वर मजुरीचे 2,000. करार 500 च्या स्टॅम्पपेपरवर, कागदाचे पैसेही माझेच. त्यात एक ओळ होती, ‘दर्जाबाबत कंपनीचा निर्णय अंतिम राहील.’ मी ती वाचली, आणि मला ती रास्त वाटली! स्कॅन करून पैसे भरताना स्क्रीनवर कंपनीचं नाही, कुण्या माणसाचं नाव आलं. विचारलं तर म्हणाल्या, ‘आमचे अकाउंटंट आहेत जी ते.’

घरी पिशवी उघडली. कापड इतकं पातळ की उजेडात धरलं तर पलीकडची खिडकी दिसे. सहा पदरी दोऱ्यातले दोन पदर काढून टाके घालायचे होते. दोरा जरा ओढला की सुईचं भोक मोठं व्हायचं. फायबर भरलं की शिवण फाकायची, आतलं पांढरं डोकावायचं. सोंडेनं तर रडवलं. एवढीशी अरुंद, फायबर आत ढकलायला उदबत्तीची काडी घेतली, तर काडीच कापडातून आरपार! जाऊबाई कान शिवून द्यायच्या. रात्री एक-एक वाजायचा. चूक माझ्याच हाताची, असं धरून मी उसवत होते आणि पुन्हा शिवत होते.

विसाव्या दिवशी मॅडमनी दहा मिनिटांत पन्नास हत्ती पाहिले. त्रेचाळीस बाजूला काढले. ‘फिनिशिंग नाही ताई.’ पन्नास पूर्ण नाहीत, म्हणून डिपॉझिट नाही, आणि पास झालेल्या सातांची मजुरी ‘मटेरियलच्या नुकसानीत’ वळती.

चार दिवसांनी एका ‘वकिला’चा फोन. कंपनीचं नुकसान झालं, 8,000 भरा, नाही तर उद्या पोलिस दारात. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. जाऊबाईंचे भाऊ कोर्टात कारकून आहेत. ते म्हणाले, करार मोडला म्हणून पोलिस पकडायला येत नाहीत, दावा लावला तर कोर्टाचं समन्स येईल. पुढच्या फोनला मी म्हटलं, ‘पाठवा समन्स.’ त्यानंतर फोन आला नाही.

मग उरलेला तुकडा घेऊन इतवारीत गेले. दुकानदारानं बोटांत चोळला आणि हसला. ‘हे फेल्ट कुठचं जी, हे तं कॅरीबॅगचं कापड.’ त्याच्याकडून दोन मिलिमीटर जाडीचं फेल्ट आणलं आणि त्याच रात्री एक हत्ती शिवला. हात तोच, सुई तीच, दोराही त्यांच्याच पिशवीतला. एक टाका फाकला नाही. पाय जरा तिरका आला, पण सोंड ताठ! तेव्हा कळलं की माल नापास व्हावा म्हणूनच तसा दिला होता. त्यांना हत्ती नकोच होते.

1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण पैसे जाऊन सव्वीस दिवस झाले होते. लगेच कळवलं असतं तर कदाचित रक्कम खात्यातच अडवता आली असती. तुमचे गेले असतील तर आजच फोन करा, माझ्यासारखी लाज धरून बसू नका. आणि असं काम घ्यायचंच असेल, तर पैसे भरण्याआधी त्यांच्याच किटमधला एक नग त्यांच्यासमोर बसून शिवा.

परवा त्याच रस्त्यावर नवा कागद दिसला. नाव बदललंय, नंबर बदललाय. फोटोतला हत्ती तोच.