घोट्याचा पट्टा: लेसवाला की बिजागरीचा?

साताऱ्याचा अजिंक्यतारा किल्ला उतरताना सुट्या खडीवर पाय मुरगळला, तेव्हापासून घरात दोन्ही पडून आहेत.

लेसवाला पट्टा कापडी, पातळ. कुठल्याही बुटात बसतो, स्वस्तही पडतो. पण यवतेश्वरचा घाट अर्धा चढेपर्यंत लेस सैल होते. मग कडेला बसा, बूट काढा, आवळा.

बिजागरीचा पट्टा पाऊल वर-खाली मोकळं होऊ देतो, तळवा आत वळणं तेवढं रोखतो. आणि घोटा मुरगळतो तो बहुतेक वेळा तसाच. सगळी गोम बिजागरी कुठे बसते यात आहे. घोट्याचं बाहेरचं हाड आतल्यापेक्षा खाली आणि जरा मागे असतं (बोटं लावून बघा). दोन्हीकडे एकाच उंचीवर बिजागरी ठोकली की पट्टा सांध्याशी भांडतो, वर सरकतो, कातडी सोलतो. माझ्या पहिल्या पट्ट्याने तेच केलं. दुसऱ्यात हाडापुरतं फोमला भोक आहे, त्यामुळे दाब आजूबाजूला वाटला जातो. बूट मात्र एक नंबर मोठा लागला, घामाचं तर विचारूच नका.

गावातल्या पोवई नाक्यापर्यंत जायला लेसवाला पुरे. किल्ल्याच्या उतारावर मी बिजागरीचाच घालतो. मुरगळल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील तर दोन्ही पट्टे बाजूला ठेवा, आधी एक्स-रे काढा.