ढोल पथकात इअरप्लग: सहा महिने वापरल्यानंतरचा अनुभव

मी पुण्यात एका पथकात ढोल वाजवते, यंदाचं आठवं वर्ष. मागच्या वर्षी विसर्जन मिरवणुकीनंतर घरी आले तर कानात जी बारीक शिट्टी सुरू झाली ती चार दिवस थांबेचना. आधीही व्हायचं पण झोपून उठलं की जायचं, म्हणून कधी मनावर घेतलं नव्हतं. यावेळी कानाच्या डॉक्टरांकडे गेले, ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) केली, तर डाव्या कानाच्या ग्राफमध्ये ४००० हर्ट्झला खड्डा, म्हणजे त्या वरच्या पट्टीचा आवाज कमी ऐकू येतोय. माझ्या डाव्या हाताला ताशा असतो, आता काय बोलणार! आतल्या कानातल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत, त्यामुळे आहे ते सांभाळा म्हणाले.

जूनमध्ये सराव सुरू झाला तेव्हा आधी फोमचे प्लग आणले, पंधरा रुपये जोडी. आवाज खूपच कमी होतो, पण गंमत अशी की फोम बारीक, वरच्या पट्टीतला आवाज जास्त खातो आणि ढोलाचा घुमारा तर छातीतूनच येत असतो, त्यामुळे ताशाची काडी नीट कळेना आणि हात (वाजवायचा ठेका) बदलायच्या वेळी मी दोनदा एकटीच जुना हात वाजवत राहिले. सगळे हसले. मग ते फिल्टरवाले सिलिकॉनचे घेतले, म्युझिशियन लोक वापरतात ते, साधारण दोन हजारांना पडले. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, पुढे तक्रार पण आहे.

यात सगळा आवाज साधारण सारखाच खाली येतो, टीव्हीचा आवाज कमी केल्यासारखा. ताशा स्वच्छ ऐकू येतो, टोल (पथकातली घंटा) डोक्यात घण घातल्यासारखा वाजत नाही. पहिला आठवडा विचित्र वाटतं, स्वतःचाच आवाज पिंपात बोलल्यासारखा येतो आणि घोषणा देताना आपण ओरडतोय की पुटपुटतोय तेच कळत नाही. नंतर सवय होते.

आता हिशोब ऐका. ८५ डेसिबल आठ तास चालतं असं धरतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे १०० ला फक्त १५ मिनिटं! मोबाइलवरच्या ॲपने ताशाशेजारी मोजलं तर १०३-१०४ दाखवत होतं (मोबाइल काही अचूक नसतो, पण अंदाज येतो). मिरवणुकीत आपण तासन्‌तास असतो. म्हणून प्लग काढून "जरा पाच मिनिटं" वाजवलं तरी दिवसाचा कोटा जवळजवळ तिथेच संपतो, हे मला फार उशिरा कळलं. मिरवणुकीत अलका चौकात फोटोसाठी प्लग काढले होते, घालायचे राहिले, रात्री परत शिट्टी. चूक माझीच.

घालायची पद्धत पण कोणी सांगत नाही. विरुद्ध बाजूच्या हाताने कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, मग प्लग सरकवायचा. फोमचा असेल तर आधी चिमटीत बारीक वळायचा आणि आत गेल्यावर अर्धा मिनिट बोटाने धरायचा. नुसता कानाच्या तोंडाशी टेकवला तर त्याचा काही उपयोग नाही. आमच्या पथकात निम्मे जण तसाच लावतात आणि म्हणतात फरक पडत नाही.

तक्रारी दोन. सोबत आलेली दोरी गणपतीआधीच तुटली. आणि टिप (प्लगचं कानात जाणारं टोक) तीन साइजच्या असल्या तरी माझ्या उजव्या कानाला मधली सैल, छोटी टोचते. शिवाय ऑगस्टमध्ये पावसात भिजलेले प्लग तसेच डबीत टाकले आणि कानात खाज सुरू झाली, बुरशी निघाली, दोन आठवडे औषध आणि तेवढे दिवस सराव बंद. तेव्हापासून कोमट पाणी आणि साबणाने धुते, पंख्याखाली पूर्ण वाळवते, मगच डबी. आजी म्हणत होती तेल टाक कोमट करून, डॉक्टरांनी तेल पण नाही आणि कानात काडी पण नाही असं बजावलं, काडीने मळ उलटा आत जातो.

परवा परत ऑडिओमेट्री केली, खड्डा तेवढाच आहे, वाढला नाही. पाचपैकी चार स्टार, एक त्या दोरीचा कापला. टोलवाल्या दादाने पण आता मागवलेत, त्याला छोटी टिप बसली तर माझी जादाची देऊन टाकणार आहे.