नऊ महिने मनगटावर: डिजिटल अल्टिमीटर आणि कानातली शिट्टी

मी स्कायडायव्हिंग करतो, म्हणजे विमानातून पॅराशूट घेऊन उड्या मारतो. गेल्या वर्षी गणपतीच्या सुमारास काट्याचा जुना अल्टिमीटर, म्हणजे उंची दाखवणारं यंत्र, बाजूला ठेवला आणि मनगटावर बांधायचा डिजिटल घेतला. जोडीला हेल्मेटात कानापाशी बसणारा ऑडिबल, ठरवलेल्या उंचीला शिट्टी वाजवणारा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. "सर, कुठला घेऊ?" असा फोन आला की मी कंपनी सांगतच नाही. वापरायचा कसा तेवढं सांगतो आणि समोरचा वैतागतो. तेच आज सविस्तर लिहितोय.

आधी माझी अडचण. मी सोलापुरात राहतो आणि इथं डीझेड, म्हणजे उड्या मारायची जागा (ड्रॉप झोन), नाही. होटगी रोडला विमानतळ आहे, 2023 च्या जूनमध्ये विमानांच्या आड येणारी साखर कारखान्याची चिमणी पाडल्यानंतर तिथून प्रवासी विमानंही सुटायला लागली, पण ती आत बसून जायला, बाहेर पडायला नव्हे. उडी मारायची तर कर्नाटक एक्स्प्रेसनं दिल्ली आणि तिथून हरियाणातलं नारनौल. नऊ महिन्यांत तीन फेऱ्या झाल्या, 31 उड्या. म्हणजे हा अल्टिमीटर हवेत कमी आणि माझ्या घरात खिडकीवर जास्त राहिला. त्याचा एक फायदा झाला.

मार्चमध्ये एके दिवशी सकाळी दहाला तो शून्यावर आणला आणि खिडकीत ठेवून दिला. चार वाजता चहा घेताना बघितलं तर 110 फूट. खिडकी जागची हलली नव्हती. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आकडा जरा कमी. हे यंत्र उंची मोजत नाही, हवेचा दाब मोजतं, आणि आपल्याकडं दाब रोज सकाळी दहाच्या आसपास सर्वांत जास्त असतो, दुपारी चारला सर्वांत कमी. एक मिलिबार उतरला की साधारण 28 फूट वाढतात. वर्गात हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून सांगितलंय. पण खिडकीतला तो आकडा बघितल्यावर मलाच ते नव्यानं पटलं. सकाळी पहिल्या लोडला (उड्या मारणाऱ्यांना घेऊन जाणारी विमानाची एक फेरी) शून्य केलेला अल्टिमीटर दुपारी तसाच वर नेलात तर तो तुमच्याकडं नसलेले शंभर फूट दाखवणार. शंभर फुटांनी कुणी मरत नाही, खरं आहे. पण प्रत्येक लोडच्या आधी शून्य बघायची सवय त्या शंभर फुटांसाठी नसतेच. ती पाचशे फुटांसाठी असते.

पाचशेची गोष्ट अशी. नारनौलला बॅग उघडली तेव्हा जुना काट्याचा अल्टिमीटरही सोबत होता, घरी शून्य केलेला. काटा शून्याच्या खाली पाचशेच्या जवळपास गेलेला. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण 1,500 फूट, नारनौल हजाराच्या आसपास. तसाच घालून गेलो असतो तर तो उंची कमी दाखवणार, म्हणजे मी पॅराशूट लवकर उघडलं असतं, फार बिघडलं नसतं. उलटा प्रवास धरा. सखल जागी शून्य केला आणि उंचावरच्या गावात उडी मारली, तर तो 5,500 म्हणेल तेव्हा तुम्ही खरे 5,000 वर असाल. डिजिटल चालू केल्यावर आपोआप शून्य धरतो, ही त्याची मोठी सोय. पण विमानात बसण्यापूर्वी डोळ्यांनी शून्य बघायचंच. आपोआप होणाऱ्या गोष्टीवर माझा विश्वास आहे, बघून झाल्यावर.

आता हवेतलं. आकडे मोठे, स्वच्छ, उन्हात वाचता येतात. बॅटरीनं दगा दिला नाही. मे महिन्यात मात्र मूर्खपणा केला. सात रस्त्यावर गाडी उन्हात लावली आणि हा डॅशबोर्डवर राहिला. परत आलो तर पडदा अख्खा काळा. घरी माठाशेजारी तासभर ठेवल्यावर आकडे परत आले. सोलापूरचा मे त्याला सोसत नाही, आपल्याला तरी कुठं सोसतो. दुसरी तक्रार बटणाची. रेल्वेत कडक भाकरी आणि शेंगा चटणी त्याच बॅगेत होती, डबा सुटला, आणि तेलकट चटणी बटणाच्या खाचेत जाऊन बसली. दात कोरायच्या काडीनं काढली. यात कंपनीचा दोष शून्य.

पट्ट्याचं वेलक्रो मात्र सहाव्या महिन्यात ढिलं झालं, आणि एवढ्या किमतीला ते व्हायला नको होतं. आमच्याकडं गणवेश शिवणारे कारागीर गल्लोगल्ली. एकाकडून नवा पट्टा शिवून घेतला, मूळच्यापेक्षा बरा बसतो. त्यानं उत्साहानं विचारलं, "ते पाठीवरच्या बॅगेचं पण काही शिवायचं का?" हात जोडले. हार्नेस-कंटेनरला, म्हणजे पॅराशूटच्या त्या बॅगेला आणि पट्ट्यांना, आणि रिझर्व्हला, म्हणजे राखीव पॅराशूटला, रिगर (पॅराशूटचा प्रशिक्षित कारागीर) सोडून कुणाची सुई लागता कामा नये.

कानातल्या शिट्टीबद्दल माझं मत पहिल्या महिन्यात फार चांगलं होतं. तीन उंच्या लावता येतात: मी 6,000, 4,500 आणि 3,000 लावल्या. फेब्रुवारीत चौथ्या उडीला ती वाजलीच नाही. बॅटरी संपत आल्याची खूण सकाळी दिसली होती, मी "आजचा दिवस निघेल" म्हणालो. इतकी वर्षं पोरांना ज्यावरून ओरडतो, तेच. वर काही घडलं नाही, कारण मी शिट्टीची वाट बघत नव्हतो. मनात मोजणं चालू होतं, खालची शेतं दिसत होती, मनगट बघितलं तर 5,800. पण त्याच लोडमध्ये एक जेमतेम चाळीस उड्यांचा मुलगा होता. खाली आल्यावर त्याला विचारलं, "तू उंची किती वेळा बघितलीस?" तो म्हणाला, "सर, ऑडिबल आहे ना." त्याला बाजूला घेऊन बसलो. चहा थंड झाला.

त्याला सांगितलं तेच तुम्हालाही. पोटावर स्थिर पडत असाल तर पहिले हजार फूट साधारण दहा सेकंदांत जातात, मग प्रत्येक हजाराला साडेपाच सेकंद. 12,500 वरून 5,500 पर्यंत तुमच्या हातात सुमारे 43 सेकंद असतात. हे अंगात भिनवा. मी घराचे जिने चढता-उतरता मोजतो. शेजारचा बालमित्र विचारतो, "काय बडबडूलालास बे एकटाच?" दुसरं, डोळे. दहा हजारांवरून शेतं सोलापुरी चादरीच्या चौकटींसारखी दिसतात. चादर दिसतेय तोवर काम करा. बांधावरची झाडं सुटी सुटी दिसायला लागली की काम संपलं. प्रत्येक गावची झाडं वेगळी असतात, म्हणून हा अंदाजच. आधी अंदाज करा, मग मनगट बघा, दोन्ही जुळतं का ते बघा. शिट्टी तिसरी. आणि एएडी, म्हणजे तुम्ही पॅराशूट उघडलंच नाही तर आपोआप राखीव उघडणारं यंत्र, तर या रांगेत धरूच नका. बहुतेक यंत्रं 750 फुटांच्या आसपास रिझर्व्ह सोडतात, त्या वेगानं जमीन तेव्हा चार सेकंदांवर असते.

पाठीवर उडणाऱ्यांसाठी एक सूचना. छातीवर लावलेला अल्टिमीटर पाठीवर पडताना तुमच्याच अंगामागच्या विस्कळीत हवेत येतो आणि हजार फुटांपर्यंत चुकू शकतो. मनगटाचाही हात अंगाच्या आडोशाला गेला तर तीच गत.

कॅनोपीखाली, म्हणजे पॅराशूट उघडल्यावर, डिजिटल आवडला: हजारावर पॅटर्नमध्ये (उतरायच्या ठरलेल्या वाटेत) शिरणं, 600 ला वळण, 300 ला सरळ, आकडा नेमका मिळतो. पण 300 च्या खाली त्याच्याकडं बघायचं नाही म्हणजे नाही. फ्लेअर, म्हणजे जमिनीला टेकण्याआधी कॅनोपीला लावायचा शेवटचा ब्रेक, डोळ्यांनी होतो. अमेरिकेत 2023 मध्ये सुमारे 36 लाख उड्या झाल्या आणि 10 जण गेले. आकडा लहान आहे. पण या खेळात धडधाकट उघडलेल्या कॅनोपीखाली, जमिनीजवळ उगाच घेतलेल्या वळणानंही माणसं जातात, आणि ते वळण घेऊ नका असं सांगणारी शिट्टी हेल्मेटात नसते.

शिकाऊंनी डिजिटल घ्यावा का? माझं मत, पहिल्या 25 उड्यांत नको. घाबरलेला माणूस आकडा बघतो पण वाचत नाही. माझी एक विद्यार्थिनी आहे, पूर्व भागातली, घरी टॉवेलचे माग. विमानाच्या दारात उभी राहिली की तिचे गुडघे लटपटायचे. पहिल्या दोन उड्यांत तिनं सहा वेळा मनगट बघितलं आणि खाली आल्यावर एकही आकडा तिला आठवेना. तिच्या हाताला काट्याचा बांधला, तबकडीवर धोक्याच्या उंचीचा लाल भाग असलेला. आकडा नको, काटा लालपासून किती लांब आहे तेवढं सांग म्हटलं. तिसऱ्या उडीत तिनं 5,500 ला स्वतः हात हलवून पायलट चूट (मोठं पॅराशूट ओढून काढणारं छोटं पॅराशूट) सोडली. खाली उतरली ती रडतच, आणि पहिलं वाक्य, "सर, काटा तीन बोटं लांब होता." गुडघे अजून लटपटतात. मी तिला ते थांबवायला सांगत नाही. माझेही हलतात, जंपसूट सैल आहे म्हणून दिसत नाहीत.

तिच्या आईनं मला घरी बोलावून विचारलं होतं, "दादा, पोरीच्या जातीनं एवढं करायचं का?" पुण्याच्या शीतल महाजनांनी आयुष्यातली पहिलीच उडी 2004 मध्ये उत्तर ध्रुवावर मारली, आणि 2018 मध्ये थायलंडला नऊवारी नेसून मारली, हे त्यांना सांगितलं. ध्रुवाचं त्यांना विशेष वाटलं नाही. "नऊवारी? मग निऱ्या कशा धरल्या?" एवढंच विचारलं. उत्तर मला देता आलं नाही. लेकीला मात्र परवानगी मिळाली.

तर हिशोब असा. डिजिटल ठेवतोय. पडद्याला पाचात साडेचार, पट्ट्याला दोन. ऑडिबलही ठेवतोय, बॅटरी बदलल्याची तारीख आता हेल्मेटाच्या आत पट्टी चिकटवून लिहिली आहे. काट्याचा जुना त्या मुलीला देऊन टाकलाय. ती म्हणते, नोव्हेंबरच्या फेरीत परत करीन. परत घ्यायचा नाही, हे तिला अजून सांगितलेलं नाही.