आयुक्तालय की एसपी? बेळगावातनं बघताना

२०१४ मध्ये बेळगाव शहराला पोलीस आयुक्तालय मिळालं. खानापूर, निपाणी मात्र एसपींच्या, म्हणजे जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या, हाताखालीच राहिले. जिल्हा एक, पोलीस दोन तऱ्हेचे.

खरा फरक अधिकारात आहे. जमावबंदी लावायची तर एसपींना महसूल खात्याकडं, म्हणजे डीसी (जिल्हाधिकारी) किंवा तहसीलदारांकडं जावं लागतं. आयुक्त स्वतःच आदेश काढतात. गणपती विसर्जनाच्या रात्री मिरवणूक कपिलेश्वर तलावाकडं सरकत असते, ढोल-ताशे थांबायचं नाव घेत नाहीत. तेव्हा ही चपळाई कामाला येते. पण आदेश काढणारा आणि तो राबवणारा एकाच खात्यातला, हे मला थोडं खटकतं. डीसींचा तिऱ्हाईत डोळा असलेला बरा.

एसपींकडं पसारा मोठा, म्हणून गाव लांब पडतं. पण तिथला हवालदार अजून ‘कुणाचा रे तू?’ म्हणून विचारतो आणि घर ओळखतो. शहरात तेवढी ओळख राहत नाही.

चोरीच्या तपासात मात्र पाटी बदलून फारसं काही होत नाही. बंदोबस्तातनं सुटका झाली तरच ठाण्यातला माणूस तपासाला मोकळा होतो. पोलीस सुधारणांबद्दलच्या २००६ च्या प्रकाश सिंह निकालात सुप्रीम कोर्टानं तपास आणि बंदोबस्त वेगळे करा म्हटलं होतं, ते याचसाठी.