थंडरबर्ड माऊसशिवाय: चांगलं आहे, पण जे आणि के ही बटनं जपून

तीन-चार खात्यांचे मेल एकाच खिडकीत बघायचे असतील तर थंडरबर्ड हे मेलचं सॉफ्टवेअर चांगलंच आहे, फुकट आहे, २००४ मध्ये १.० आवृत्ती आली तेव्हापासून टिकून आहे, ते सगळं मान्य, पण मी हे लिहितेय ते फक्त कीबोर्डबद्दल. दिवसभर टायपिंग करणाऱ्याला दर मेलला हात उचलून माऊसवर न्यावा लागला की संध्याकाळी मनगट बोलायला लागतं, आणि ज्यांना स्क्रीन दिसत नाही त्यांना तर माऊसचा काही उपयोगच नाही. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार, आणि पाचवा का कापला ते नीट सांगते.

आधी चांगलं. एफ६ हे बटन. डावीकडे फोल्डर, मग मेलची यादी, मग उघडलेला मेल, एफ६ दाबत गेलं की पुढच्या भागात जातो, शिफ्ट धरून दाबलं की मागे. नवीन मेल लिहायच्या खिडकीतही हेच एफ६ तुम्हाला पत्ता, विषय, मजकूर असं फिरवतं, म्हणजे एक बटन, एक अर्थ, दोन्हीकडे तोच. साधी गोष्ट वाटते पण बऱ्याच सॉफ्टवेअरना ही जमत नाही, एका खिडकीत शिकलेलं दुसऱ्या खिडकीत चालत नाही आणि मग माणूस कंटाळून माऊस धरतो.

दुसरं म्हणजे स्पेस बार. मोठा मेल उघडलाय, स्पेस दाबत राहा, मजकूर वर सरकत जातो, मेल संपला की तेच बटन पुढच्या न वाचलेल्या मेलवर नेतं, त्या फोल्डरमधले संपले की दुसऱ्या फोल्डरात जायचं का असं विचारतं. सकाळचा सगळा ढीग एका अंगठ्यावर वाचून होतो! उत्तराला कंट्रोल आर, सगळ्यांना उत्तराला कंट्रोल शिफ्ट आर, हे आउटलुकसारखंच आहे त्यामुळे तिकडून येणाऱ्याला त्रास नाही. फॉरवर्डला मात्र इथे कंट्रोल एल, जुन्या आउटलुकमध्ये कंट्रोल एफ (जे बाकी सगळ्या जगात शोधण्यासाठी असतं, थंडरबर्डमध्येही), आणि जीमेलमध्ये नुसता एफ. एवढी रोजची गोष्ट आणि तीन ठिकाणी तीन बटनं, हे खरंच बरोबर नाही.

आता कापलेला स्टार. जीमेलमध्ये जे आणि के म्हणजे यादीत खाली-वर, ही सवय व्हीआय नावाच्या जुन्या एडिटरपासूनची, लाखो लोकांच्या बोटात बसलेली. थंडरबर्डमध्ये जे म्हणजे जंक आणि के म्हणजे ती पूर्ण चर्चा दुर्लक्षित करा. म्हणजे जीमेलवरून आलेला माणूस खाली जायला म्हणून जे दाबतो आणि चांगला मेल स्पॅम ठरतो, शिवाय स्पॅम ओळखणारा फिल्टरही त्यातून चुकीचं शिकतो कारण तो तुमच्या खुणांवरूनच शिकत असतो, मग वर जायला के दाबतो आणि त्या चर्चेतली पुढची उत्तरं यादीत दिसेनाशी होतात. ए दाबलं तर जीमेलमध्ये सगळ्यांना उत्तर, इथे मेल अर्काइव्हमध्ये, म्हणजे जुने मेल जपून ठेवायच्या फोल्डरात. अर्काइव्ह कंट्रोल झेडने परत येतं, जंकची खूण काढायला शिफ्ट जे आहे, पण मुळात बटन चुकलंय हे कळायला तर हवं.

आणि जीमेलमध्ये एका अक्षराचे शॉर्टकट मुळात बंद असतात, सेटिंगमध्ये जाऊन आपण चालू करायचे, थंडरबर्डमध्ये ते पहिल्या दिवसापासून चालू. वेबसाइट अपंगांनाही वापरता याव्यात म्हणून केलेले डब्ल्यूसीएजी २.१ नियम २०१८ मध्ये आले त्यात २.१.४ हे कलम याचसाठी आहे, एका अक्षराचा शॉर्टकट बंद करता किंवा बदलता आला पाहिजे, नाहीतर ज्या भागासाठी तो आहे तिथे फोकस (म्हणजे कर्सर किंवा निवड) असतानाच चालला पाहिजे, कारण बोलून टाइप करणाऱ्याचा एक शब्द भलतीकडे गेला तर त्यातलं एकेक अक्षर एकेक आज्ञा होऊन बसतं. नियम वेबपानांसाठी असला तरी कारण इथेही तेच आहे. नुसतं पुढे-मागे नेणारं बटन एका अक्षराचं असू दे, पण मेलला हलवणाऱ्या, लपवणाऱ्या, फेकणाऱ्या बटनाला कंट्रोल किंवा शिफ्टची जोड हवीच असं माझं ठाम मत आहे. पाठवण्याच्या बाबतीत थंडरबर्डवाल्यांनीच हा विचार केलाय, कंट्रोल एंटर दाबलं की खरंच पाठवायचं का विचारतात, आणि परत विचारू नका अशी खूण करायची सोयही देतात. हाच विचार जे आणि के साठी का नाही?

घेणार असाल तर टीबीकीज नावाचं ॲडऑन (थंडरबर्डला वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) आधी टाका, त्यातून एका अक्षराची बटनं बदलता येतात, जे आणि के ला यादीत खाली-वर लावून टाका. आणि मराठीत लिहिणाऱ्यांनी अजून एक बघा, इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड चालू असेल तर जे च्या बटनावर र असतो आणि के वर क, तेव्हा असे शॉर्टकट चालतील याचा भरवसा धरू नका, मेल लिहून झाला की विंडोज बटन आणि स्पेस दाबून इंग्रजीवर या आणि मगच यादीत जा.