गाळ छान काढला, ओटा उलटा उतरवला

आमच्या वाडीची विहीर उपसून, बांधून घेतली त्याला एक अख्खा पावसाळा उलटला. देवरूखच्या आसपासच्या आणखी वाड्या याच मंडळींना बोलावतायत असं कानावर आलं, म्हणून लिहिते. नाव घालत नाही, कारण चारही गडी मेहनती होते; घोळ सगळा मुकादमाचा. बचतगटाची वही माझ्याकडे असते, त्यामुळे आकडे पक्के.

गाळ काढण्याच्या कामाला पैकीच्या पैकी. मे महिन्यात आले, पाणी तळाला गेलेलं. पंपाचं इंजिन काठापासून लांब ठेवलं, आत उतरवलं नाही. खाली जायच्या आधी कंदील दोरीला बांधून तळापर्यंत सोडला, विझत नाही हे बघितलं, मगच पहिला माणूस उतरला. दोन दिवस काळा, कुजका गाळ निघत होता. त्यात सात पोहरे, निर्माल्याच्या पिशव्या (आपल्याच, दुसऱ्या कुणाच्या?) आणि एक तांब्याची कळशी. कळशीवरचं कोरलेलं नाव झिजून नुसतं ‘बाई’ उरलंय. तीन घरं हक्क सांगतायत. तळ मोकळा झाला तशी पूर्वेकडच्या कातळाच्या फटीतून करंगळीएवढी धार लागली. सासूबाई काठी टेकत बघायला आल्या. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा हा झरा वाहता होता म्हणे.

इथून पुढे मात्र वैताग. शेवटच्या दिवशी मुकादमाने टीसीएल (ब्लीचिंग) पावडरची अख्खी पिशवी वरून विहिरीत उपडी केली आणि म्हणाला, “झालं, प्या आता!” दोन दिवस चहासुद्धा पिववेना. नंतर आरोग्यसेवकाने हिशोब मांडून दाखवला. विहिरीचा व्यास 3 मीटर, पाणी अडीच मीटर, म्हणजे साधारण 17,700 लिटर. रोजच्या शुद्धीकरणाला हजार लिटरमागे अडीच ग्रॅम पावडर धरली तर 44 ग्रॅम पुरते. विहीर नुकतीच उपसली असेल तर जास्त लागते, पण तीही अशी ओतायची नाही. बादलीत आधी थोड्या पाण्यात कालवायची, मग पाणी वाढवून ढवळायचं, चुना खाली बसू द्यायचा आणि फक्त वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली पोहऱ्यासारखी आत सोडून हलवायची. त्यानंतर तासभर कुणी पाणी भरायचं नाही. आता आम्ही हे रात्री जेवणं झाल्यावर करतो.

त्याहून मोठी चूक ओट्याची. कठडा जांभ्या चिऱ्याचा, सरळ, देखणा. पण भोवतीच्या काँक्रीटचा उतार विहिरीकडे! धुणं-भांड्यांचं पाणी कठड्याच्या बुडाशी साचायचं आणि जांभ्याच्या सांध्यातून आत झिरपायचं. जूनच्या पहिल्या सरींनंतर तपासणीच्या छोट्या बाटलीत पाणी भरून ठेवलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ते काळं ठिक्कर. म्हणजे पाणी दूषित. एवढा गाळ काढून काय मिळवलं, असं झालं. मुकादमाला फोन केला तर “उतार बसेल हळूहळू” म्हणाला. काँक्रीट बसतं होय?

शेवटी गावातल्याच गवंड्याकडून ओटा फोडून घेतला, उतार बाहेर काढला, सांधे सिमेंटने भरले आणि सांडपाण्याला परसातल्या माडांपर्यंत चर नेला. त्याचे 4 हजार वेगळे. मुख्य कामाचे 21 हजार ठरले होते, घेतले 26 हजार. वरचे 5 डिझेलचे म्हणे. 17 घरांनी हजार-हजार काढले, बाकीचे वाडीच्या मुंबई मंडळाने पाठवले, म्हणून निभावलं.

ऑगस्टमधली बाटली काळी झाली नाही. तरी एका घराचा शोषखड्डा विहिरीपासून जेमतेम 30 फुटांवर आहे आणि 50 तरी हवेत. त्यामुळे लहान मुलांना अजून उकळूनच देतो. हे अंतर कामाला हात लावण्याआधी मुकादमाने मोजायला हवं होतं, आणि आम्हीही.

पाचपैकी तीन तारे देते, तिन्ही तारे गड्यांचे. बोलवायचंच असेल तर गाळापुरतं बोलवा, दर डिझेलसकट कागदावर घ्या, आणि ओटा ओला असतानाच वर तांब्याभर पाणी ओतून बघा कुठे पळतं ते.

कळशी सध्या माझ्या माळ्यावर आहे. शिमग्याला मुंबईकर आले की तिचा निकाल लावू.