डायइलेक्ट्रिक युनियन: जीआय-तांब्याच्या जोडात कितपत कामाचं?

जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पाइपला तांब्याचा पाइप थेट जोडला की आधी जस्ताचा थर झिजतो, मग लोखंड. जस्ताचं प्रमाण विभव उणे ०.७६ व्होल्ट, लोखंडाचं उणे ०.४४, तांब्याचं अधिक ०.३४; ज्याचं जास्त उणे, तो धातू आधी झिजतो. दोन्ही पाइप एकमेकांना टेकलेले आणि आत पाणी, एवढं झालं की विजेचा प्रवाह सुरू. धातूतून जाणारी ही वाट तोडणं, एवढंच डायइलेक्ट्रिक युनियनचं, म्हणजे वीज अडवणाऱ्या या पाइपजोडाचं काम. एका बाजूला आट्यांचं लोखंडी अंग, दुसरीकडे तांब्याला झाळायचा पितळी तुकडा, मधे रबरी वॉशर, आणि नट पितळेला टेकू नये म्हणून प्लास्टिकची स्लीव्ह.

ही स्लीव्हच सगळ्यात नाजूक. नट तिरका बसवून पान्याने ओढला की ती चिरते, नट पितळेला टेकतो आणि युनियन असून नसल्यासारखं होतं. बाहेरून काहीच दिसत नाही. झाळण्याआधी नट आणि स्लीव्ह पाइपवर चढवून लांब सरकवा, ओलं फडकं गुंडाळा; वॉशर मात्र जोड पूर्ण थंड झाल्यावरच घाला. मग पाणी सोडण्यापूर्वी मल्टिमीटरने दोन्ही बाजूंमधला रोध बघा; तो खूप जास्त आला तरच वाट तुटलेली आहे. मोजताना एका बाजूचा पाइप इतर कुठेही धातूला जोडलेला नसावा. नाहीतर गिझरच्या टाकीतून किंवा लोखंडी क्लॅम्पमधून वाट मिळते आणि दोष युनियनवर येतो.

जे या वस्तूला जमत नाही तेही सांगायला हवं. पाण्याच्या प्रवाहात तांबं आधी आणि जीआय नंतर असेल, तर पाण्यात विरघळलेलं तांबं पुढे जस्तावर बसतं आणि तिथे खड्डे पडतात. युनियन ते थांबवू शकत नाही, म्हणून जीआय नेहमी आधी ठेवा. गरम पाण्यावर वॉशर कडक होऊन गळती लागते; भिंतीत गाडायला हे युनियन अजिबात घेऊ नये. तिथे सुमारे १५ सेंटिमीटरचा पितळी निपल (दोन्ही टोकांना आटे असलेला पाइपचा तुकडा) बरा. तो विजेची वाट तोडत नाही, पण लोखंड आणि तांब्यात अंतर पडल्याने झीज मंदावते, शिवाय गळायला वॉशरच नसतो.

पाइपमधूनच घराचं अर्थिंग गेलेलं असेल, तर युनियन लावल्यावर ते तुटतं, आणि हा थेट जिवाचा धोका आहे. वरून जोडवायर टाकली तर अर्थिंग परत येतं, पण गंजाची वाटही परत येते. आधी इलेक्ट्रिशियनकडून स्वतंत्र अर्थिंग करून घ्या, मगच युनियनला हात लावा.